सतरा नंबर आणि चोवीस गिरक्या

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे आणि आज माझ्या पोटात काही म्हणजे काही राहत नाहीये. आपली कहाणी सांगायची तर जन्मापासून सुरुवात करावी, एकेक पायरी चढत यावं, अशी रीत आहे. ठाऊक आहे मला. पण काय सांगू तुम्हाला, गेल्या तीन रविवारांत असं काही घडलंय की माझी दोन्ही भिंगं अजून थरथरताहेत! तरी जन्माचं थोडक्यात उरकून घेते. कंटाळू नका, पुढे फार मजा आहे.

मी जहाजं आणि पक्षी बघायची लांबलचक दुर्बीण नव्हे हं. मी थिएटरातली. मुठीत मावणारी, दोन नळ्यांची, काळ्या कातड्याची, पितळी कडांची, आणि मधोमध एक छोटंसं चाक. ते चाक फिरवलं की धूसर दिसणारा नाच एकदम लख्ख होतो. एका अरुंद कारखान्यात एक कारागीर आमची भिंगं घासायचा आणि त्याची वहिनी आमची परीक्षा घ्यायची. समोरच्या छपरावर एक मांजर कायम झोपलेलं असायचं. वहिनी दुर्बीण डोळ्याला लावून त्या मांजराच्या मिशा शोधायची. मिशा दिसल्या तर दुर्बीण पास, नाहीतर परत घासायला. मी पहिल्या झटक्यात पास! "हिची नजर चांगली आहे," वहिनी म्हणाली होती. "बघेल ही काहीतरी." तेवढं एक वाक्य मी आजवर जपून ठेवलंय.

आम्ही चाळीस बहिणी एकाच खोक्यातून या थिएटरात आलो. इथे बॅले होतात. बॅले म्हणजे न बोलता, नुसत्या नाचातून आणि संगीतातून सांगितलेली गोष्ट. मला सतरा नंबरचा बिल्ला मिळाला. थिएटरात शिरलं की डाव्या हाताला एक खिडकी आहे. लोक तिथे आपले कोट आणि छत्र्या ठेवायला देतात, पितळी टोकन घेतात आणि हवी असेल तर एक दुर्बीण मागून घेतात. आमचा खण त्या खिडकीखाली, आत हिरवं मऊ कापड. काय थाट होता आमचा! पहिली घंटा व्हायच्या आत चाळीसच्या चाळीस बाहेर. आता आम्ही अकरा उरलोय. कुणी पर्समधून पसार झाल्या, कुणी आपटून फुटल्या, आणि बावीस नंबर तर वरच्या बाल्कनीतून थेट खाली वादकांच्या ढोलात पडली, तीही ऐन शांत प्रसंगात. हिरवं कापड विरलं, लोक आम्हाला मागेनासे झाले. कधी कधी आठवडाभर आमचा खण उघडला जात नाही.

माझं नशीब मात्र चांगलं. मला कायमचा एक मालक होता, बटणकाका.

बटणकाकांबद्दल सांगण्याआधी तो बॅले सांगायला हवा. दर हंगामात आमच्याकडे एक जुना बॅले होतोच होतो, 'दीपगृहाची लेक'. तिसऱ्या अंकात वादळ सुटतं. दीपगृहाचा दिवा विझतो. म्हातारा बाप अंथरुणाला खिळलेला, आणि भावाची नाव समुद्रात. मग ती लेक हातात कंदील घेऊन बुरुजावर उभी राहते आणि एका पायाच्या अंगठ्यावर स्वतःच गोल गोल फिरू लागते. म्हणजे तीच दिवा होते. चोवीस गिरक्या, तसूभरही जागा न सोडता. भावाची नाव रंगमंचावर कधीच दिसत नाही. ती ज्याने त्याने आपल्या मनात बघायची असते.

पण खरं सांगू का? ती नाव कुणीच बघत नसे. सगळी बाल्कनी गिरक्या मोजत असे! आणि त्या मोजणीचे सरदार आमचे बटणकाका. ते शिंपी. बोलणं कमी, पण त्यातही "माप म्हणजे माप" हे दिवसातून दहादा. बाल्कनीच्या पहिल्या रांगेत ते बसायचे, उजव्या हातात मला धरायचे, आणि कोटाच्या डाव्या खिशात चोवीस बटणं. एक गिरकी झाली की डाव्या हाताने एक बटण काढून उजव्या खिशात. शिंप्याचीच बोटं ती, नाचणारीच्या पायापेक्षा चपळ! प्रयोग संपला की जिन्याच्या मधल्या वळणावर सगळी बाल्कनी त्यांना घेरून उभी राहायची. "किती?" काका उजवा खिसा चाचपायचे आणि निकाल द्यायचे. "चोवीस!" म्हटलं की टाळ्या. एकदा "तेवीस" म्हणाले, तर त्या बिचारीला महिनाभर लोक 'तेवीस' म्हणूनच ओळखत होते. खालच्या महागड्या खुर्च्यांतले लोकही बाल्कनीचा निकाल कानावर पडेपर्यंत कोट घालत नसत.

आता माझी मळमळ ऐका. ह्या चोवीस गिरक्या काही दगडावरची रेघ नव्हत्या. मी पहिला प्रयोग पाहिलाय! पहिल्या नाचणारीने सोळाच घेतल्या होत्या. दहाएक वर्षांनी दुसरी आली, तिच्या अंगात जोम, तिने चोवीस केल्या. तेव्हा हीच बाल्कनी ओरडली होती, "नाच आहे की भोवरा?" आणि पुढच्या दहा वर्षांत त्यांचीच पोरं छाती फुगवून सांगू लागली की चोवीस म्हणजे चोवीस, आमच्या बापजाद्यांपासून चोवीस. मला हसावं की रडावं कळेना. पण दुर्बिणीला कोण विचारतो? माझ्यातून सगळे बघतात, माझं कुणी ऐकत नाही.

काकांचीही एक गोष्ट होती. ते आधी काकूंबरोबर यायचे. दोघांत मिळून दुर्बीण एकच, मी. काकू मला डोळ्यांवरून काढायच्याच नाहीत. काका कुरकुरले की त्या म्हणायच्या, "अहो, तुम्ही मोजा, मी बघते." बटणं काकूंच्याच डब्यातली. मग काकू गेल्या. काका एकटे येऊ लागले, मला मागून घेऊ लागले, डोळ्याला लावू लागले. पण मोजत राहिले. बघायचं काम आता त्यांच्याकडे आलंय हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

तर अशा या बाल्कनीसमोर भिंगरी उभी राहिली!

भिंगरी म्हणजे आमच्या टोकनबाईंची लेक. टोकनबाई म्हणजे खिडकीवाल्या. एकवीस वर्षं त्या ती खिडकी सांभाळतात. प्रयोग चालू असताना लोकांचे कोट सोडून जाता येत नाही, त्यामुळे त्यांनी या थिएटरातला एकही बॅले धड पाहिलेला नाही. छतातून टाळ्या ऐकू येतात त्यावरून त्या ओळखतात की आता दुसरा अंक संपला. भिंगरी लहानपणी त्या कोटांच्या रांगांमधून गिरक्या घेत फिरायची, म्हणून हे नाव. मोठी होऊन ती याच थिएटरात नाचायला लागली आणि नऊ वर्षं लाट होती. खरंच, लाट! 'दीपगृहाची लेक'मध्ये निळे कपडे घालून बारा मुली लाटा होतात, त्यांत डावीकडून तिसरी. आणि या हंगामात तिला लेकीची भूमिका मिळाली. तीन रविवार, दुपारचे तीन प्रयोग. ही बातमी आली त्या दिवशी टोकनबाईंनी आनंदाच्या भरात तीन कोट चुकीच्या माणसांना दिले.

पहिल्या रविवारच्या दोन दिवस आधी भिंगरी खिडकीच्या आत स्टुलावर बसून पायाला पट्टी गुंडाळत होती. आईला म्हणाली, "आई, मी गिरक्या बदलणार आहे."

टोकनबाईंच्या हातातला हँगर खाली पडला. "का गं? दुखतंय का कुठे?"

"नाही."

"मग येत नाहीत का? परवा तर तालमीत सव्वीस केल्यास म्हणालीस!"

"येतात गं. तोच तर घोळ आहे. फिरताना मला भाऊ आठवत नाही, नाव आठवत नाही. नुसता आकडा आठवतो. अकरा, बारा, तेरा. आई, दिवा मोजतो का?"

टोकनबाईंनी पडलेला हँगर उचलला. भिंगरी बोलत राहिली. आठ गिरक्या जागेवर घेणार, मग बुरुज सोडणार. कंदील घेऊन रंगमंचाच्या कडेकडेने उड्या घेत, वळत, शोधत एक मोठं वर्तुळ घेणार. आणि शेवटी, वाद्यं टिपेला पोचली असताना, अगदी कडेवर स्थिर उभी राहणार. नुसता कंदील वर धरून. "साहेबांनी हो म्हटलंय," ती म्हणाली. साहेब म्हणजे थिएटरचे दिग्दर्शक.

"आधी चोवीस करून दाखव," टोकनबाई काकुळतीला आल्या. "मग पुढच्या वर्षी काय हवं ते कर. नऊ वर्षं लाट होतीस, भिंगरे!"

"म्हणूनच, आई. नऊ वर्षं मी त्या बुरुजाकडे खालून बघितलंय."

आणि आला रविवार! मी काकांच्या हातात. पडदा उघडला, पहिला अंक, दुसरा अंक, सगळं छान. तिसऱ्यात वादळ सुटलं. भिंगरी बुरुजावर चढली. काकांचा डावा हात खिशात गेला. एक, दोन, तीन, बटणं टपाटप उजवीकडे. सहा, सात, आठ. नववं बटण चिमटीत धरलं आणि भिंगरी बुरुज सोडून धावत सुटली! काकांचा हात हवेतच राहिला. "अरे!" ते एवढ्या मोठ्याने म्हणाले की पुढे काय झालं ते मला दिसलंच नाही, कारण त्यांनी मला डोळ्यांवरून खाली मांडीवर आपटलं. टाळ्या पडल्या, शिट्ट्याही पडल्या, आणि मागून कुणीतरी ओरडलं, "उरलेल्या सोळा कुठे गेल्या?"

जिन्याच्या वळणावर तर रणच पेटलं. काका म्हणाले, "आठ." एवढंच. मग जी तोंडं सुटली!

दातांचे डॉक्टर लालबुंद झाले होते. "उद्या मी अर्धीच दाढ काढली आणि म्हटलं ही माझी कला, तर चालेल का तुम्हाला?"

"दाढेची आणि नाचाची तुलना करता, धन्य आहे तुमची!" संगीत शिकवणाऱ्या बाई उसळल्या. "एक सूर तरी बदलला का तिने? शेवटी ती थांबली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला."

"जमत असतं तर केलं नसतं का?" एक विद्यार्थी म्हणाला. "सरळ आहे, जमत नाही म्हणून पळाली."

दोन बहिणी दर वेळी एकत्र यायच्या, एकाच पिशवीतल्या गोळ्या चघळायच्या. थोरली म्हणाली, "आपण येतो ते ओळखीचं बघायला. सारखं नवीनच बघायचं तर नवा बॅले करा की!" धाकटी म्हणाली, "ओळखीचंच बघायचं तर घरी बस आणि फोटो बघ, ताई!" आणि गोळ्यांची पिशवी हिसकावून खाली उतरली. चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्या दोघी वेगवेगळ्या गेल्या.

एवढ्यात डॉक्टरांनी हात उडवले. त्यांचं कोपर काकांना लागलं, आणि मी सटकले. एक पायरी, दोन, तीन, चार! मित्रांनो, भांडण गिरक्यांवरून आणि डोकं फुटलं माझं! भिंगं वाचली, पण मधलं चाक ढिलं झालं. आता ते नुसतं फिरवून भागेना, बोटांनी दाबून धरावं लागे. सोडलं की सगळं पुन्हा धूसर.

साहेब कोट घ्यायला खिडकीशी आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. "टोकनबाई, मला तुमच्या लेकीचं पटतं," ते म्हणाले. "पण बाल्कनी रुसली तर थिएटर चालत नाही. पुढच्या रविवारी असाच गोंधळ झाला, तर तिसरा प्रयोग मी दुसरीला देणार. नेहमीच्या चोवीसवालीला. आणि भिंगरी मग..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. सगळ्यांना ठाऊक होतं, भिंगरी मग परत लाटांत.

आठवडा कसा गेला विचारू नका. मी खणात पडून होते आणि चाकाच्या दुखण्यापेक्षा त्या पोरीच्या काळजीने कासावीस होते.

दुसरा रविवार. भिंगरीची एक सवय आहे, प्रयोगाआधी बुटाच्या फितीला शेवटचे दोन टाके आईकडूनच घालून घ्यायचे. ती आतल्या बाजूला, कोटांच्या मागे, पाय आईच्या मांडीवर ठेवून बसली होती. तेवढ्यात खिडकीबाहेर बाल्कनीवाल्यांचा घोळका जमला. त्यांना काय माहीत कोटांच्या मागे कोण बसलंय!

"ठरलं ना?" डॉक्टर म्हणत होते. "ती फिरायला लागली की आपण मोठ्याने मोजायचं. आणि आठला थांबायचं नाही. नऊ, दहा, अकरा, चोवीसपर्यंत मोजत राहायचं, ती कुठेही पळू दे. कळेल तिला काय बाकी राहिलं ते."

"सुरुवात कुणी करायची?" विद्यार्थ्याने विचारलं.

"बटणकाकांनी. काकांचं पहिलं बटण पडलं की आपण 'एक' म्हणायचं. काका, बरोबर?"

"माप म्हणजे माप," काका म्हणाले.

मी खणात गार पडले. कोटांच्या मागे टोकनबाईंची सुई थांबली. आता हिचं काही खरं नाही, मी मनात म्हटलं. टोकनबाईंनी लेकीकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले, "चोवीस कर" म्हणायलाच हलले, मी शपथेवर सांगते. भिंगरी पांढरीफटक पडली होती. पण टोकनबाईंनी तो शब्द गिळला आणि हळूच विचारलं, "तुला ती नाव दिसते का गं?"

"दिसते."

"खरंच दिसते?"

"आई, तिच्या शिडाला पडलेलं भोकसुद्धा दिसतं."

टोकनबाईंनी दुसरा टाका घातला, दोरा दाताने तोडला आणि म्हणाल्या, "मग जा."

भिंगरी मागच्या दाराने गेली, आणि इकडे काका खिडकीशी आले. "सतरा द्या."

"काका, सतराचं चाक बिघडलंय हो," टोकनबाई म्हणाल्या. एकीकडे लेकीची चिंता, तरी काम चोख. "एका हाताने धरायची आणि दुसऱ्याने चाक दाबून ठेवायचं, तरच दिसतं. दोन्ही हात अडकतील. नऊ नंबर देऊ का? ती धड आहे."

काकांनी खणात डोकावून पाहिलं. मी मनातल्या मनात देवाचा धावा करत होते. "सतराच द्या," ते म्हणाले. "हिची दुर्बीण आहे ती." हिची म्हणजे काकूंची. टोकनबाईंनी मला त्यांच्या हातात ठेवलं.

पहिला अंक काकांनी मला वापरलंच नाही. दुसऱ्यात एकदा लावून बघितलं, चाकाशी झटापट केली, "छे!" म्हणाले. डॉक्टर मागच्या रांगेतून सारखे वाकून त्यांच्या खिशाकडे बघत होते. मग तिसरा अंक. वाद्यं गडगडली, दिवा विझला. निळ्या लाटा उसळल्या. भिंगरी कंदील घेऊन बुरुजावर चढली आणि काकांनी मला उचललं. एका हातात मी, दुसऱ्या हाताची बोटं चाकावर. धूसर, धूसर, धूसर, आणि लख्ख!

भिंगरीचा चेहरा! नुसता चेहरा, दोन्ही भिंगं भरून. ती आमच्याकडे बघतच नव्हती. आमच्या डोक्यांवरून पार मागे, लांब, काळ्या पाण्यात ती काहीतरी शोधत होती. पहिली गिरकी. चेहरा वळला, गेला, परत आला, आणि डोळे पुन्हा तिथेच. काकांचा डावा हात चाकावरून उठला. खिशाकडे निघाला. तेवढ्यानेच सगळं धूसर झालं, ती नाहीशी झाली! आणि तो हात, मित्रांनो, तो हात अर्ध्या वाटेतून परत आला! पुन्हा चाकावर! पुन्हा लख्ख! मी एवढी ओरडले असते की छत उडालं असतं, पण मला तोंड कुठे आहे?

दुसरी गिरकी. तिसरी. मागे कुजबुज सुरू झाली. "काका! काका, बटण!" काकांच्या कानात काही शिरत नव्हतं. बटण पडलंच नाही, म्हणून 'एक' कुणी म्हणेना. 'एक' कुणी म्हणेना, म्हणून 'दोन'ही नाही. डॉक्टर तोंड उघडून बसले होते, सुरुवात करायला कुणीतरी हवं होतं. आणि ते कुणीतरी दोन्ही हातांनी मला घट्ट धरून बसलं होतं.

भिंगरी बुरुजावरून उतरली. आता वर्तुळ! उडी, वळण, उडी, कंदिलाची रेघ अंधारात फिरतेय, ती शोधतेय, पडदे, खांब, लाटा मागे पडताहेत. मी तिच्यामागे फिरत होते, काकांची मान फिरत होती, शेजारच्यांच्या माना फिरत होत्या. तिचा श्वास दिसत होता मला, गळ्याजवळ कातडी वरखाली होताना. आणि वाद्यं टिपेला पोचली तेव्हा ती कडेवर थबकली. कंदील वर. हलली नाही. आणि तिचा चेहरा हळूहळू बदलला. आधी डोळे, मग गाल, मग सगळाच. तिला नाव दिसली होती. माझ्या भिंगांवर काहीतरी ओलं आलं. ते काकांचं होतं.

मग टाळ्या! अशा टाळ्या मी सोळा गिरक्यांच्या वेळी ऐकल्या नाहीत, चोवीसच्या वेळी नाहीत. खाली खिडकीत टोकनबाई छताकडे बघत कोणाचा तरी कोट उराशी घट्ट धरून उभ्या होत्या, हे मला मागाहून नऊ नंबरने सांगितलं.

जिन्याच्या वळणावर सगळे थांबले होते. डॉक्टर, विद्यार्थी, संगीताच्या बाई, दोन्ही बहिणी. कठड्यापाशी साहेबही येऊन उभे होते. आता सगळं काकांच्या तोंडून काय निघतं त्यावर होतं.

"किती, काका?"

काकांनी सवयीने उजवा खिसा चाचपला. रिकामा. गोंधळून डावा चाचपला. सगळी बटणं तिथेच, चोवीसच्या चोवीस. त्यांनी मूठभर बटणं बाहेर काढली आणि त्यांच्याकडे बघत राहिले, दुसऱ्याच कुणाची असावीत तशी.

"मोजल्या नाहीत," ते म्हणाले.

"म्हणजे? अहो काका, निकाल काय?"

"निकाल..." काकांनी बटणं परत डाव्या खिशात टाकली. "नाव किनाऱ्याला लागली. आज मी बघत होतो."

डॉक्टरांनी खिशातून रुमाल काढून जोरात नाक शिंकरलं. थोरल्या बहिणीने गोळ्यांची पिशवी धाकटीपुढे धरली आणि म्हणाली, "तरी मला जुनंच आवडतं हं." धाकटी म्हणाली, "माहितेय गं," आणि दोन गोळ्या घेतल्या. साहेब तडक खिडकीकडे गेले आणि म्हणाले, "टोकनबाई, तिसरा प्रयोगही तुमच्या लेकीचाच."

वाद मिटला म्हणता? छे! आजही जिन्यात भांडतात. विद्यार्थी अजून म्हणतो की चोवीस हव्यातच. म्हणू दे. प्रेम असल्याशिवाय कोणी एवढं भांडत नाही, आणि भांडणारी बाल्कनी मला झोपलेल्या बाल्कनीपेक्षा हजारपटीने बरी वाटते.

पण तिसऱ्या रविवारचं ऐका आणि मग मी गप्प बसते. त्या दिवशी काका तासभर आधीच आले आणि खिडकीच्या आत शिरून स्टुलावर बसले. "तुम्ही वर जा, बाई," ते टोकनबाईंना म्हणाले. "कोट मला कळतात." टोकनबाई नको नको म्हणत होत्या आणि एकीकडे केस सारखे करत होत्या! काकांनी मला उचलून त्यांच्या हातात दिलं. "दोन्ही हातांनी धरा." एकवीस वर्षांनी त्या बाई पहिल्यांदा त्या बाल्कनीत चढल्या, पहिल्या रांगेत काकूंच्या खुर्चीवर बसल्या, आणि त्यांनी माझ्यातून आपल्या लेकीला पाहिलं. त्यांनी काय पाहिलं ते मी सांगणार नाही. ते माझ्यात आणि त्यांच्यात राहू दे.

प्रयोग संपून लोक खाली आले, कोट घेतले, आणि बघतात तर काय! ज्याच्या ज्याच्या कोटाचं बटण तुटलेलं होतं तिथे नवं बटण, चार टाक्यांत पक्कं शिवलेलं. एक निळं, एक हाडाचं, एक पितळी, काकूंच्या डब्यातली. डॉक्टरांच्या कोटाला तर दोन. काकांचा डावा खिसा बघता बघता रिकामा झाला होता.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी एक विनवणी करतात, तशी माझीही आहे. माझी भिंगं मऊ कापडाने पुसा. माझ्या खणातलं हिरवं कापड विरलंय, ते बदला. मला खणात विसरून जाऊ नका. पण ते मधलं चाक आहे ना, ते मात्र कुणी दुरुस्त करू नका. मला धरायला दोन्ही हात लागतात, तसेच लागू देत.